भीतीचा विटाळ

१

नायगावच्या बीडीडी चाळीत आमच्या खोलीला लागून एक ख्रिस्ती कुटुंब राहत असे. कुटुंब नगर जिल्ह्यातले; पूर्वाश्रमीचे महारच. घरातली बाई एका इस्पितळात आया होती. आम्ही मुले तिला मावशी म्हणत असू. १६० चौरस फुटांच्या खोल्या, सामाईक नळ, सामाईक संडास, एकाच गॅलरीत वाळणारी सगळ्यांची धुणी. लपवण्यासारखे कुणाचे काही नव्हते. नाताळच्या दिवशी मावशी करंज्या, लाडू आणि केकचे ताट घेऊन आमच्या दारात यायची. माझी आजी उठायची आणि पदर पसरायची.

मावशी म्हणायची, "आत्याबाई, पदर कशाला? हात पुढं करा की."

आजी हात पुढे करीत नसे. पदरात घ्यायची, मान खाली घालायची आणि आत निघून जायची. मला त्याची लाज वाटे. दोघी एकाच जातीतून आलेल्या, एकाच नळाचे पाणी पिणाऱ्या. इथे विटाळाचा प्रश्नच नव्हता. मग आजी कशाला भीत होती?

पुढे आजीकडून तिच्या गावच्या गोष्टी ऐकल्या तेव्हा थोडे उमगले. तिचे बालपण सातारा जिल्ह्यातल्या एका महारवाड्यात गेले. तिच्या हातात कुणी काही दिलेच नव्हते. भाकरी वरून टाकली जायची, पाणी वरून ओतले जायचे, मजुरीचे पैसे उंबऱ्यावर ठेवले जायचे. हात पुढे करणे म्हणजे मार खाणे. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांच्या अंत्यविधीच्या वेळी भदन्त आनंद कौसल्यायन यांनी जनसमुदायाला धम्मदीक्षा दिली, त्या गर्दीत आजी होती. घरातले देव तिने स्वतःच्या हाताने उचलून बाहेर नेले. देव गेले. हातातली भीती मात्र राहिली.

अस्पृश्यतेच्या इतिहासात सवर्णांच्या शिवाशिवीबद्दल आपण भरपूर लिहिले आहे, आणि ते लिहिणे अजून संपलेले नाही. पण आजीच्या हाताचा इतिहास कुणी लिहिला? ज्याला शतकानुशतके प्रेमाने काही दिलेच गेले नाही, तो प्रेम घ्यायलाही भितो. देणाऱ्याच्या भीतीचा विचार झाला. घेणाऱ्याच्या भीतीचा झाला नाही. या लेखात मी मुंबईतल्या मराठी ख्रिस्ती इतिहासाच्या आधाराने हा प्रश्न मांडू पाहतो आहे. मी ख्रिस्ती नाही. पण प्रीती आणि भीती एका घरात नांदू शकत नाहीत, असा दावा त्या धर्माने उघडपणे केला आहे. योहानाच्या पहिल्या पत्रात तो आहे. हा दावा आमच्या भूमीवर कितपत खरा ठरला, हे तपासण्याचा अधिकार आम्हाला आहे.

२

तपासणीची सुरुवात गिरगावापासून करू. स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आले. गिरगावातल्या आंब्रोली येथे मिशनचे केंद्र झाले आणि त्यांच्या इंग्रजी शाळेत पारशी, ब्राह्मण, प्रभू अशा घरांतली मुले येऊ लागली. मे १८३९ मध्ये धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. मुंबई हादरली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले. शाळेतली मुले पालकांनी भराभर काढून घेतली.

चार वर्षांनी त्याहून बोलके प्रकरण घडले. नारायण शेषाद्री हा ब्राह्मण विद्यार्थी रॉबर्ट नेस्बिट यांच्या सहवासात ख्रिस्ताकडे ओढला गेला आणि सप्टेंबर १८४३ मध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनच्या घरी राहिला होता. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, पण तो त्या घरात जेवला होता. बापाने कोर्टात धाव घेतली. मुलगा अल्पवयीन, म्हणून कोर्टाने त्याला बापाच्या स्वाधीन केले.

इथे कोर्टाचे काम संपले आणि जातीचे सुरू झाले. मुलगा घरी आला, पण घरात कसा घ्यायचा? त्याने म्लेंच्छाचे अन्न खाल्ले होते. प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे, अशी बाजू 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनी घेतली. सनातनी मंडळींनी त्याला कडाडून विरोध केला. मुंबईच्या ब्राह्मण समाजात दोन तट पडले. बाळशास्त्रींसारख्या विद्वानालाही बहिष्काराचे चटके सोसावे लागले.

या प्रकरणाकडे धर्मांतराचा वाद म्हणून पाहिले जाते. मी त्याकडे एका बापाच्या बाजूने पाहतो. त्या बापाचे मुलावर प्रेम होते. नाहीतर तो गोऱ्यांच्या कोर्टाची पायरी कशाला चढता? कोर्टाने त्याला मुलगा दिला. तरीही त्या मुलाला शेजारी पाटावर बसवून जेवू घालायला त्याला जातीचा परवाना हवा होता. जातिव्यवस्था महारामांगांना माणुसकी नाकारते हे आपल्याला ठाऊक आहे. पण ती उच्चवर्णीय बापालाही स्वतःच्या लेकराला निर्भयपणे जवळ घेऊ देत नाही, हे १८४३ च्या मुंबईने दाखवून दिले. तेव्हा भीती ही एकट्यादुकट्याच्या भित्रेपणाची बाब नव्हे. ती एक संस्था आहे. तिचे पंच आहेत, तिचा दंड आहे, तिचे प्रायश्चित्ताचे दरपत्रक आहे. "भिऊ नका, प्रेम करा" असे प्रवचन दिल्याने ती संस्था मोडत नाही.

३

ख्रिस्ती धर्मातही ही भीती पहिल्या दिवसापासून होती, हे त्यांच्याच ग्रंथात नोंदलेले आहे. पेत्र हा येशूचा पट्टशिष्य. यहुद्याने परजातीयाच्या घरी जाणे, त्याच्या पंक्तीला बसणे निषिद्ध होते. पेत्राला दृष्टान्त होतो, देवाने शुद्ध केलेल्याला अशुद्ध म्हणू नये असे त्याला कळते, आणि तो कर्नेल्य नावाच्या रोमी अधिकाऱ्याच्या घरी जातो. गोष्ट इथेच संपती तर ती नुसती पुराणकथा झाली असती. पण पुढे अंत्युखियात हाच पेत्र परजातीयांबरोबर जेवत असताना यरुशलेमहून काही कर्मठ मंडळी येतात आणि पेत्र भिऊन पंक्तीतून मागे सरतो. पौल त्याला सर्वांसमोर खडसावतो.

आमच्या वाचकांनी हा प्रसंग मुद्दाम वाचावा. दृष्टान्त झाला, तत्त्व पटले, एकदा कृतीही केली. तरी आपल्या जातीची माणसे दिसताच माणूस ताटावरून उठतो. आपल्याकडचे किती पुरोगामी असे उठले, याचा हिशेब मांडायला बसलो तर हा अंक पुरणार नाही. पण पौलाने पेत्राला तत्त्वज्ञान शिकवले नाही. तू ताटावरून उठलास, एवढेच बोट ठेवले. प्रेमाची कसोटी पंगतीत आणि पाण्यात लागते. प्रभुभोजनात एकाच भाकरीचा तुकडा आणि एकाच पेल्यातला घोट सर्वांनी घ्यायचा, हा संस्कार ज्या ब्राह्मण बाप्तिस्मितांनी प्रामाणिकपणे पाळला, त्यांनी एका घोटात पिढ्यान्‌पिढ्यांचे सोवळे सोडले, हे मान्य केले पाहिजे.

नारायण शेषाद्री त्यांपैकी एक. १८५४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पुढे ते मुंबईत न राहता निजामाच्या राज्यात जालन्याकडे गेले आणि मुख्यतः मांग समाजात काम करू लागले. निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाची वसाहत उभारली. ज्या मुलाच्या भावाला परक्या घरच्या जेवणावरून जातीने वेठीला धरले, तो मांगांच्या वस्तीत आयुष्य काढतो, ही लहान गोष्ट नाही.

पण इथे मला दोन प्रश्न पडतात. शेषाद्रींचे नाव इतिहासात आहे, त्यांची चरित्रे आहेत. ज्या मांगांनी त्यांचा हात धरला त्यांची नावे कुठे आहेत? गावकीचे काम सोडले की बलुते सुटत असे, गावाचा रोष ओढवत असे, भाऊबंद तोडत. ते सगळे पत्करून एका ब्राह्मणाच्या हातातली भाकर स्वीकारणे याला धैर्य लागत नव्हते काय? आजवर ज्या हाताने फक्त हाकलले, तोच हात आता जवळ बोलावतो आहे. त्यावर विश्वास ठेवायचा कसा? मिशनच्या लेखी तो 'उद्धार' होता. माझ्या लेखी तो त्या मांगांचा पराक्रम होता. प्रेम देणाऱ्याचे चरित्र होते आणि प्रेम घेणाऱ्याचा आकडा होतो, हा इतिहासलेखनातला जातिभेद आहे.

दुसरा प्रश्न असा, की देणारा कायम देणाराच राहिला तर ते प्रेम किती दिवस प्रेम राहते? पाळक वर, मंडळी खाली. मिशनरी मायबाप, बाप्तिस्मित लेकरू. अशा नात्यात भीतीचे फक्त नाव बदलते. ती कृतज्ञता म्हणून नांदू लागते.

४

स्त्रियांच्या बाबतीत हा इतिहास अधिक बारकाईने वाचता येतो, कारण सोवळ्याचा कारखाना स्वयंपाकघरात होता आणि तो चालवण्याची सक्ती बायकांवर होती.

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्या देशात फुलम येथे समाजाने टाकलेल्या, 'पतित' ठरवलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनी त्यांनी पाहिल्या. अशा बायकांना आपल्या शास्त्रांत दया नाही, शिक्षाच आहे, ही जाणीव त्यांना तिथे तीव्रतेने झाली, असे त्यांनी स्वतः नोंदवले आहे. सनातन्यांनी त्यांच्यावर झोड उठवली तेव्हा जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. ११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन सुरू केले. तिथे उच्चवर्णीय विधवांना आपापले आचार पाळण्याची मुभा होती. भ्यालेल्या बाईला आधी छप्पर द्यावे, मग तिची भीती काढावी, असा तो व्यवहार होता. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी नाना जातींच्या उपाशी मुली-बायका केडगावला आणल्या, तेव्हा ही मर्यादा ओलांडली गेली. भुकेने सोवळ्याचा निकाल लावला.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट याहून जवळची वाटते. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नीवर आभाळ कोसळले. नवरा जिवंत असून ती नवऱ्याविना झाली. काही वर्षे नातेवाइकांकडे काढून ती नगरला नवऱ्याकडे आली, पण सोबत भीती घेऊन आली. वेगळी चूल, वेगळे पाणी, वेगळे सोवळे. नवऱ्यावर प्रेम होते; त्याच्या हातचे पाणी चालत नव्हते. मग हळूहळू, कुणी शास्त्रार्थ न करता, स्वतःशीच विचार करून तिने ठरवले की जाती देवाने केलेल्या नाहीत, माणसाने केल्या आहेत. त्यानंतर पाणी सुटले, चूल सुटली आणि १९०० साली तिने स्वतः बाप्तिस्मा घेतला.

१९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे'त तिने हे सगळे स्वतःच्या सोवळ्याला हसत हसत सांगितले आहे. मराठी साहित्यात उच्चवर्णीयांनी अस्पृश्यतेबद्दल केलेले पुष्कळ लेखन पश्चात्तापाचे उमाळे काढणारे आहे. लक्ष्मीबाई उमाळे काढत नाही. आपण किती भीत होतो आणि ती भीती किती हास्यास्पद होती, हे ती सांगते. म्हणून मला तिच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो.

तरीही फरक विसरता येणार नाही. लक्ष्मीबाईला भीती सोडून द्यायची होती. माझ्या आजीला ती अंगातून उपटून काढायची होती. लक्ष्मीबाईने सोवळे सोडले तेव्हा तिचे थोरपण वाढले. आजीने हात पुढे केला असता तर गावाने हात तोडला असता. एकीची भीती काहीतरी गमावण्याची, दुसरीची जीव गमावण्याची. दोन्हींना एकच औषध चालणार नाही.

५

हे औषध कोणते, याचे उत्तर मला आमच्या चाळीच्या आसपासच सापडले. ३० आणि ३१ मे १९३६ रोजी याच नायगावात मुंबई इलाखा महार परिषद भरली. 'मुक्ती कोन पथे?' हे बाबासाहेबांचे भाषण तिथले. व्यक्तीच्या विकासाला सहानुभूती, समता आणि स्वातंत्र्य या तीन गोष्टी लागतात, आणि हिंदू धर्मात अस्पृश्याच्या वाट्याला यांपैकी एकही येत नाही, अशी त्यांची मांडणी होती. सहानुभूती त्यांनी समता आणि स्वातंत्र्याच्या पंक्तीला बसवली, हे आपण नीट लक्षात घेतलेले नाही. प्रेमाची गरज बाबासाहेबांना मान्य होती. एकट्या प्रेमावर भागवणे त्यांना मान्य नव्हते.

ख्रिस्ताविषयी त्यांना आदर होता. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापूरला ख्रिस्ती बांधवांपुढे बोलताना बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांनी आपल्याला मोहून टाकले असे ते म्हणाले. त्याच भाषणात दक्षिणेतल्या चर्चमधला जातिभेद त्यांनी झाकला नाही, आणि ख्रिस्ती समाज आपल्या राजकीय हक्कांसाठी लढत नाही हेही सुनावले. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखनखंडात बाप्तिस्मित अस्पृश्यांच्या स्थितीवरची कठोर चिकित्सा आहे. मंदिरातला देव बदलला, पण गावातला पाटील बदलला नाही, तर भीती कशी जाईल? प्रीतीने भीती घालवायची असेल तर प्रीतीच्या हातात हक्काची काठी असावी लागते. बाबासाहेबांच्या टीकेचा अर्थ मी असा लावतो.

पुढचा इतिहास ही टीका खरी ठरवतो, आणि आपल्यालाही अडचणीत आणतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी हिंदूंपुरती मर्यादित केली. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्या यादीत आले. ख्रिस्ती झालेल्या दलितांना दार उघडले गेले नाही. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची ही अट काढावी अशी शिफारस केली. २०२२ साली केंद्राने निवृत्त सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नावर आयोग नेमला. बाप्तिस्म्याने जात जाते असे सरकार म्हणते. गाव आणि चाळ तसे म्हणत नाही.

मावशीच्या घरात या कायद्याची भीती होती. मुलांची नावे दोन होती. प्रार्थनेतले एक, शाळेच्या दाखल्यावरचे दुसरे. परका माणूस आला की भिंतीवरचा क्रूस कॅलेंडरमागे जायचा. भिऊ नका असे सांगणारा धर्म घरात, आणि त्या धर्माचे चिन्ह भीतीपोटी कॅलेंडरमागे! आम्ही बौद्ध मुले त्याला हसत असू. १९९० पर्यंत आमची माणसेही दाखल्यापुरती 'हिंदू' राहत होती, हे आम्हाला कुणी सांगितलेले नव्हते. आज मी शिक्षक आहे. आपल्याला मिळालेला हक्क शेजारच्या खोलीला मिळावा म्हणून आपल्या चळवळीने किती आवाज उठवला, असा प्रश्न मी स्वतःला विचारतो. ताटातले वाटेकरी वाढतील म्हणून आपण गप्प बसलो असू, तर तीही भीतीच आहे. अंत्युखियातल्या पेत्राहून आपण वेगळे नाही.

६

शेवटी थोडे स्वतःविषयी. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपाने त्यांची नोकरी गेली. माझी फी आईने चार घरची धुणीभांडी करून भरली. महाविद्यालयात नोकरी लागल्यावर एक सवर्ण सहकारी रोज दुपारी डबा उघडून म्हणायचे, "सर, या." मी सहा वर्षे "भूक नाही" असे सांगत आलो. स्वाभिमान म्हणून सांगतो, असे मला वाटे. एका दुपारी खरोखरच भूक लागलेली असताना मी तेच वाक्य बोललो, आणि मला आजीचा पदर आठवला.

मित्रहो, सावधपणा आणि भीती यांत फरक केला पाहिजे. ज्यांच्या पूर्वजांनी आपल्याला पाणी नाकारले त्यांच्या प्रेमाची तपासणी करणे हा आपला हक्क आहे. पण सावध माणूस समोरच्याला प्रश्न विचारतो. भ्यालेला माणूस न विचारताच निघून जातो. मी त्या सहकाऱ्यांना विचारले, "तुमच्या घरी माझी आई आली तर कुठल्या कपात चहा द्याल?" ते चपापले. खोटे बोलले नाहीत. म्हणाले, "मी आमच्याच कपात देईन. माझ्या आईचं सांगता येत नाही." त्या दिवशी मी त्यांच्या डब्यातली पोळी घेतली. क्षमा केली असे नव्हे. त्यांनी खरे सांगितले आणि मी हात पुढे केला, एवढेच झाले. पुढचे पुढे.

आजी गेली तेव्हा मी कॉलेजात शिकत होतो. शेवटचे तीन आठवडे ती अंथरुणावर होती. मावशी इस्पितळाची पाळी संपवून यायची, तिचे अंग पुसायची, कूस बदलायची. एका संध्याकाळी मावशी चमच्याने पाणी पाजत होती. आजीने चमचा बाजूला सारला. आम्हाला वाटले, नको म्हणते आहे. तिने हात वर केला, पुढे केला आणि मावशीच्या हातातला पेला बोटांनी धरला. हात थरथरत होता. म्हातारपणाने की आणखी कशाने, सांगता येत नाही. पेला दोघींनी धरला होता. आजी त्यातले पाणी तोंड लावून प्यायली.

२० मार्च १९२७ रोजी महाडला आमच्या माणसांनी तळ्यात उतरून स्वतःच्या ओंजळीने पाणी घेतले. तो हक्काचा इतिहास झाला, आणि तो आधी घडणे आवश्यकच होते. नायगावच्या खोलीतला हा पेला त्याच इतिहासाचा पुढचा भाग आहे असे मी मानतो.